ठक, ठग आणि थग

(बेंबळी येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



एका शिक्षकाच्या स्मरणार्थ चालणाऱ्या व्याख्यानमालेत मी आज एका शब्दावर बोलणार आहे. शब्द इंग्रजी आहे. इंग्रज तो ‘थग’ असा उच्चारतात. तो आपल्याकडून तिकडे गेला, आणि तो जगभर पोहोचवणाऱ्या माणसाने आयुष्याची काही वर्षं आपल्याच मुलखात, तुळजापूर-नळदुर्गाच्या परिसरात काढली. म्हणून या शब्दाचा हिशेब धाराशिव जिल्ह्यात मांडणं मला योग्य वाटतं. शब्द परदेशात गेल्यावर त्याचं काय झालं आणि त्याची किंमत इथल्या माणसांनी कशी मोजली, हे मला आज सांगायचं आहे.

आधी घरचा शब्द पाहू. मराठीत आपण ठक म्हणतो, हिंदीत ठग म्हणतात. दोन्हींचं मूळ संस्कृत ‘स्थग’, म्हणजे लबाड, फसवा माणूस. ‘स्थग्’ या धातूचा अर्थ झाकणं. न्यायालयाने एखाद्या कामाला ‘स्थगिती’ दिली असं आपण पेपरात वाचतो, ती स्थगिती याच धातूतून आली. खरा हेतू झाकून ठेवतो तो ठक. भाषेचे अभ्यासक याच्याही मागे जातात. झाकणं या अर्थाच्या एका अतिप्राचीन धातूतून एकीकडे संस्कृतातला स्थग् आणि दुसरीकडे लॅटिनमधला ‘तेगेरे’ निघाला असावा, असं त्यांचं मत आहे. इंग्रजीतला ‘प्रोटेक्ट’, म्हणजे रक्षण करणं, हा त्या तेगेरेच्या वंशातला. म्हणजे रक्षण करणारा आणि फसवणारा हे दोन्ही शब्द बहुधा एकाच आजोबांचे नातू आहेत.

मराठीने या शब्दाचं मोठं कुटुंब वाढवलं. ठकणं, ठकवणं, ठकबाज, ठकबाजी, ठकसेन, महाठक. ‘ठकास महाठक भेटला’ असं आपण सहज म्हणतो आणि त्यात थोडं कौतुकही असतं. या साऱ्या कुटुंबात रक्त कुठेच नाही. ठकवणाऱ्याच्या हातात शस्त्र नसतं, त्याचं हत्यार जीभ. आणि दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. आपल्या भाषेत ठकवलं तर माणूस ठक होतो. नाही ठकवलं तर तो ठक नाही. शब्द क्रियापदाला बांधलेला आहे. पाटील असो, वाणी असो, साधू असो, ज्याने ठकवलं तो ठक. त्याच्या आईबापांचा, जातीचा, गावाचा त्याच्याशी संबंध नाही.

इंग्रजांनाही सुरुवातीला हाच अर्थ ठाऊक होता. रॉबर्ट ड्रमंड याने १८०८ साली मुंबईत गुजराती आणि मराठी भाषांवर एक पुस्तक छापलं, त्यात या शब्दाचा अर्थ फक्त फसवणारा एवढाच आहे. पुढे हेन्री यूल आणि आर्थर बर्नेल यांनी हिंदुस्थानातून इंग्रजीत गेलेल्या शब्दांचा ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा प्रसिद्ध कोश १८८६ मध्ये काढला. त्यांनी मराठी ‘ठक’ची आवर्जून नोंद केली आणि ड्रमंडकडे दुसरा कुठलाच अर्थ नाही, हेही लिहून ठेवलं. म्हणजे १८०८ पर्यंत पश्चिम हिंदुस्थानात ठक म्हणजे ठकवणारा, एवढंच.

मग हा शब्द खुनी कसा झाला? वाटसरूंना मारून लुटणाऱ्या टोळ्या होत्या, यात शंका नाही. झियाउद्दीन बरनीच्या इतिहासात जलालुद्दीन खिलजीच्या काळात, म्हणजे १२९० च्या सुमारास, दिल्लीत पकडलेल्या सुमारे हजार ठगांचा उल्लेख येतो. त्यांना होड्यांत भरून बंगालच्या बाजूला सोडून दिलं, असं तो सांगतो. सतराव्या शतकात तेव्हनो हा फ्रेंच प्रवासी दिल्ली-आग्रा रस्त्यावरच्या गळफास टाकणाऱ्या लुटारूंबद्दल लिहितो. दक्षिणेत या लोकांना ठग म्हणत नसत, फांसीगर म्हणत. रिचर्ड शेरवूड नावाच्या डॉक्टरने १८१६ मध्ये मद्रासला त्यांच्यावर लेख लिहिला, तोही ‘फांसीगर’ याच नावाने. एकाच गुन्ह्याला प्रांतोप्रांती वेगळी नावं होती, आणि ती सगळी नावं कामावरून पडलेली होती.

हे काम कसं चालायचं ते समजून घेऊ, कारण त्याचा संबंध आजच्या काळाशी येणार आहे. तेव्हा लोक पायी प्रवास करत. पगार घेऊन गावी परतणारा शिपाई, सावकाराची रोकड वाहणारा माणूस, यात्रेकरू, व्यापारी, सगळे सोबत शोधत, कारण एकट्याला रस्ता धोक्याचा. ठग हीच सोबत देऊ करायचे. टोळीत कामं वाटलेली असत. वाटसरूशी गोड बोलून ओळख वाढवणारा तो सोठा. रुमालाने गळा आवळणारा तो भुरतोट. खड्डा खणून प्रेत पुरणारा तो लुघा. ठरलेल्या जागी, ठरलेल्या क्षणी इशारा व्हायचा, त्याला झिरणी म्हणत. हे शब्द त्यांच्या सांकेतिक बोलीतले. तिला रामासी असं नाव होतं. टोळीत हिंदू असत, मुसलमान असत, वेगवेगळ्या जातींचे लोक असत. पावसाळ्यात यातले कितीतरी जण आपापल्या गावी शेती करत, आणि काही ठिकाणी जमीनदार लुटीतला वाटा घेऊन त्यांना आसरा देत. ही जात नव्हती, धर्म नव्हता. हा एक क्रूर धंदा होता, आणि मराठेशाहीच्या अखेरीस फौजा मोडल्या, हजारो हत्यारबंद माणसं बेकार झाली, तेव्हा तो फोफावला. किम वॅगनर, राधिका सिंघा यांच्यासारख्या अलीकडच्या इतिहासकारांनी या बाजूकडे लक्ष वेधलं आहे.

आता आपल्या मुलखात येऊ. फिलिप मेडोज टेलर १८०८ साली लिव्हरपूलमध्ये जन्मला. पंधराव्या वर्षी मुंबईत एका व्यापाऱ्याकडे नोकरीला आला, पण व्यापाऱ्याची परिस्थिती खालावलेली निघाली, आणि १८२४ मध्येच हा मुलगा निजामाच्या सैन्यात दाखल झाला. विशीच्या आसपास निजामाच्या मुलखातल्या नैर्ऋत्य जिल्ह्यांत तो पोलिसांचा सहाय्यक अधिकारी होता. मराठी आणि उर्दूवर त्याची पकड होती, तो लोकांत मिसळायचा. रस्त्यावर नाहीशा होणाऱ्या माणसांचं रहस्य आपण उलगडलं असतं, पण मध्येच पलटणीत परत बोलावलं गेलं, अशी खंत त्याने आत्मचरित्रात लिहिली आहे. ते श्रेय मध्य हिंदुस्थानात विल्यम स्लीमन या कंपनीच्या अधिकाऱ्याला मिळालं.

टेलरने मग दुसरं काम केलं. १८३९ मध्ये त्याची ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही कादंबरी लंडनमध्ये निघाली. अमीर अली नावाचा ठग स्वतःच्या तोंडाने आपली कहाणी सांगतो, अशी तिची रचना. तरुण राणी व्हिक्टोरियाला धीर धरवेना, छापखान्यातून फर्मे निघतील तसे ती ते मागवून वाचत होती, असं टेलरने नोंदवलं आहे. या पुस्तकाने ठग हा शब्द इंग्लंडच्या घराघरांत नेला. ठग ही एक गुप्त बिरादरी आहे, देवीच्या नावाने खून करणारा तो पंथ आहे, ही समजूतही त्याबरोबर गेली.

टेलर इथे पुन्हा आला तो कारभारी होऊन. २१ मे १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड, रायचूर दुआब आणि आपला धाराशिवचा मुलूख कंपनी सरकारच्या कारभाराखाली दिला, तेव्हा नळदुर्ग जिल्हा टेलरकडे आला. १८५७ पर्यंत तो इथे होता. त्याने रस्ते केले, तलावांकडे लक्ष दिलं, जमीन मोजणीचं काम हाती घेतलं. पुढे १८६३ मध्ये त्याने ‘तारा’ ही कादंबरी लिहिली. तिची नायिका तुळजापूरच्या शास्त्र्यांची मुलगी. आपल्या तुळजाभवानीचं गाव इंग्रजी साहित्यात इतक्या आत्मीयतेने आणणारा दुसरा लेखक मला माहीत नाही. या माणसाचं इथल्या लोकांवर प्रेम होतं, हे मी मनापासून मान्य करतो. म्हणूनच मला अधिक वाटतं की प्रेम करणाऱ्याच्या लेखणीतूनही शब्द बिघडू शकतो, आणि बिघडलेला शब्द लेखकाच्या हातात राहत नाही.

तो कुठे गेला पाहा. कायद्यात तो आधीच शिरला होता. १८३६ चा तिसावा कायदा म्हणतो, ठगांच्या कुठल्याही टोळीत जो कधीही होता असं सिद्ध होईल, कायद्याच्या आधी असो वा नंतर, कंपनीच्या मुलखात असो वा बाहेर, त्याला जन्मभर सक्तमजुरी. अमुक माणसाला अमुक ठिकाणी मारलं, हे सिद्ध करण्याची गरज उरली नाही. टोळीत होता, एवढं पुरे. आणि ठग म्हणजे कोण, याची व्याख्या त्या कायद्यात नाही. ज्याला माफीचा साक्षीदार ठग म्हणेल तो ठग. शिक्षा झालेल्यांच्या कपाळावर हा शब्द गोंदवला जात असे. ही गोंदण्याची शिक्षा १८४९ मध्ये कायद्याने बंद झाली. तोपर्यंत आपला जुना मराठी-हिंदी शब्द माणसांच्या कातडीवर लिहिला जात होता. जबलपूरला माफीच्या साक्षीदारांसाठी उद्योगशाळा निघाली, तिथे तंबू आणि गालिचे विणले जात. त्यांची मुलंही तिथेच राखली, कारण ठगाचा मुलगा ठगच होणार, हा समज पक्का झाला होता.

इकडे हे चालू असताना, ज्या १८३९ मध्ये टेलरची कादंबरी निघाली त्याच वर्षी टॉमस कार्लाईल या विचारवंताने ब्रिटनमधल्या कामगारांच्या अस्वस्थतेवर पुस्तिका लिहिली. ग्लासगोमध्ये कापूस गिरण्यांच्या कामगार संघटनेवर हिंसेचा मोठा खटला नुकताच झाला होता. त्या हिंसेला कार्लाईलने ‘ग्लासगोची ठगगिरी’ म्हटलं. रुमाल नाही, वाटसरू नाही, देवी नाही, पण शब्द तोच. हिंदुस्थानातून जहाजाने गेलेला शब्द विलायतेच्या बंदरावर उतरला, तो पहिल्या काही वर्षांतच गिरणी कामगारांच्या अंगावर पडला.

तिथून तो अमेरिकेत गेला. गुंड, मवाली, दांडगट माणूस हा अर्थ तिथे रुळला, आणि हळूहळू त्याला रंग चिकटला. १९९४ मध्ये टूपाक शकूर या कृष्णवर्णीय गायकाच्या चमूने ‘ठग लाईफ’ नावाचा अल्बम काढला. ज्या शब्दाने आम्हाला हिणवता तो आम्हीच छातीवर लावतो, असा त्यामागचा बाणा होता. तुमच्या मोबाइलवर गमतीच्या चित्रफितींवर ‘ठग लाईफ’ असं येतं, ते तिथून आलं. २०१४ मध्ये रिचर्ड शर्मन या अमेरिकी फुटबॉलपटूला सामन्यानंतर मोठ्याने बोलल्याबद्दल लोकांनी ठग म्हटलं. त्यावर तो म्हणाला की काळ्या माणसाला जी शिवी आता उघड देता येत नाही, तिची जागा या शब्दाने घेतली आहे. शिकलेला, नावाजलेला माणूस, पण शब्दाने त्याच्या कातडीकडे बोट दाखवलं.

बंधू-भगिनींनो, हे अमेरिकेत घडतं म्हणून आपण हळहळू नये. आपल्या घरात बघा. ठगांच्या बाबतीत जी विचारपद्धत तयार झाली, तिच्यातून १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा निघाला. आधी तो उत्तर हिंदुस्थानात लागू झाला, १९११ च्या कायद्याने देशभर पसरला. अख्ख्या जमातीच जन्मतः गुन्हेगार ठरल्या. हजेरी, परवाना, तारेचं कुंपण. आपल्या शेजारच्या सोलापुरात त्या कुंपणातल्या वस्तीला सेटलमेंट म्हणत, आणि आजही त्या भागाच्या नावात तो शब्द आहे. ३१ ऑगस्ट १९५२ ला हा कायदा रद्द झाला. देश स्वतंत्र होऊन पाच वर्षं झाली होती. म्हणून त्या जमातींना आपण विमुक्त म्हणतो.

कायदा गेला, पण शब्द राहिले, आणि ते आपल्या मराठीत आहेत. रोजचं वर्तमानपत्र उघडा. ‘अज्ञात भामट्याने महिलेचं गंठण लांबवलं.’ भामटा हा शब्द आपण चोर या अर्थाने वापरतो. महाराष्ट्र शासनाच्या विमुक्त जातींच्या यादीत भामटा आणि राजपूत भामटा ही समाजांची नावं आहेत. त्या समाजातली मुलगी शाळेच्या दाखल्यावर जे नाव लिहिते, ते पेपरात चोराचं नाव म्हणून वाचते. आपण एखाद्या कोडग्या माणसाला बेरड म्हणतो. बेरड हाही एक समाज आहे, त्याच यादीतला.

आणि इथे टेलर पुन्हा आठवतो. नळदुर्गाला येण्याआधी १८४० च्या दशकात सुरपूर संस्थानाचा कारभार तो पाहत होता. सुरपूरचे राजे बेरड. लहानग्या राजाचं, व्यंकटप्पा नायकाचं संगोपन टेलरने केलं. तो मुलगा त्याला अप्पा म्हणायचा. मोठेपणी व्यंकटप्पाने इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचललं, पकडला गेला आणि १८५८ मध्ये कैदेत असताना गोळी लागून मेला. ज्या लेखकाने ठगाची कहाणी जगभर नेली, त्यानेच एका बेरड मुलाला लेकरासारखं वाढवलं. जन्म आणि कर्म वेगळे असतात, याचा पुरावा त्याच्या घरातच होता.

आपल्या साहित्याने हे धैर्याने सांगितलं. लक्ष्मण माने यांनी १९८० मध्ये ‘उपरा’ लिहिलं. लातूरकडचे लक्ष्मण गायकवाड यांनी ‘उचल्या’ लिहिलं, त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. भीमराव गस्ती यांनी ‘बेरड’ लिहिलं. ‘उचल्या’ आणि ‘बेरड’ ही शीर्षकं नीट पाहा. ज्या शब्दाने जग हिणवतं, तोच या माणसांनी मुखपृष्ठावर छापला आणि आत आपलं भुकेचं, अपमानाचं, शिकण्याच्या धडपडीचं आयुष्य मांडलं. ही पुस्तकं आपल्या गावातल्या प्रत्येक मुलाने वाचावीत, असं मला कळकळीने वाटतं.

आता आजचा ठक कोण, ते विचारू. फोन येतो, समोरचा म्हणतो मी बँकेतून बोलतोय, तुमचं खातं बंद पडणार आहे, ओटीपी सांगा. दुसरा पोलिसाच्या गणवेशात व्हिडिओ कॉलवर दिसतो आणि ‘डिजिटल अरेस्ट’ झाली म्हणून पैसे मागतो. तिसरा नोकरीचं बनावट नियुक्तिपत्र देतो. रामासी बोलीत याला नेमकं नाव होतं, सोठा. गोड बोलून विश्वास मिळवणारा. रस्ता बदलला, सोठ्याचं काम तेच राहिलं. संस्कृतातल्या स्थगाचा मूळ अर्थ, हेतू झाकणारा, याच माणसाला सर्वांत चपखल बसतो. हा माणूस शिकलेला असतो, संगणकावर बसतो, इंग्रजी बोलतो. त्याच्या टोळीत कुठल्या जातीचे लोक आहेत, हे कोणी विचारत नाही, आणि विचारूही नये. पण याच धाराशिव जिल्ह्यात कुठे चोरी झाली की पहिली नजर पारध्याच्या पालाकडे जाते. तिथल्या पोराला शाळेत सगळ्यांत आधी त्याच्या जातीवरून ओळखलं जातं. फसवणुकीत आयुष्यभराची पुंजी नेणाऱ्याला नाव नाही, आणि ज्याने काही केलं नाही त्याला जन्माआधीच नाव आहे. हा अन्याय शब्दांतून सुरू होतो.

कायद्याने एक पाऊल उचललं आहे. भारतीय दंड संहिता १ जानेवारी १८६२ पासून लागू झाली. तिच्या ३१० व्या कलमात ठगाची व्याख्या होती आणि ३११ व्या कलमात त्याला जन्मठेप होती. दरोडा, खून, फसवणूक यांच्यासाठी स्वतंत्र कलमं असताना ही दोन राहिली होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, आणि तिच्यात ठग नाही. खून करणाऱ्याला खुनाची शिक्षा, ठकवणाऱ्याला फसवणुकीची. कृत्याचं नाव उरलं, माणसाच्या जातकुळीचं गेलं. कायद्याला हे सुचायला १६२ वर्षं लागली. आपल्या बोलण्याला इतका वेळ लागू नये.

म्हणून माझी तुम्हाला विनंती आहे. इथे बातमीदार बसले आहेत, त्यांनी ‘भामटा’ हा शब्द बातमीतून काढावा. चोराला चोर म्हणा, फसवणाऱ्याला ठक म्हणा. मराठीत त्यासाठी शब्दांची वाण नाही, आणि ठक हा तर आपला जुना, सरळ शब्द आहे. तो कोणाच्याही जातीला लागत नाही. शिक्षकांनी वर्गात ‘बेरड’, ‘उचल्या’ या शब्दांचा इतिहास शिकवावा, म्हणजे ते शिवीसारखे वापरणारी पिढी इथे थांबेल. आणि आपण सगळ्यांनी, पोलीस ठाण्यात तक्रार देताना, चावडीवर बोलताना, घरात मुलांसमोर, माणसाने काय केलं ते सांगावं, तो कोणाच्या पोटी आला ते सांगू नये.

आपला शब्द परदेशात गेला आणि बिघडून परत आला. तो नीट करण्याचा अधिकार आपला आहे, कारण तो मुळात आपला आहे.